घोडी शांत झाली

आमच्या घोडीला सगळे चिमणी म्हणत. अंगानं थोराड होती, विटांची गाडी सतरा वर्षं तिनं एकटीनं ओढली. ती कालपासून पोटाच्या कळांनी लोळत होती.

इंजेक्शनवाले डॉक्टर आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून आतून तपासलं, नाकातून नळी घातली, दोन सुया टोचल्या. हात धुताना म्हणाले, "आतड्याला पीळ बसलाय, बाबा. पोट उघडावं लागेल. ते इथं होत नाही, आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत ही टिकायची नाही. म्हणाल तर कायमची झोपवतो."

"आधी मला झोपवा," बायको म्हणाली.

मग सकाळी तीच जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. या बाईही जनावरांचंच शिकलेल्या, त्याच कॉलेजात, पण पुढं त्यांनी सुई टाकली आणि साखरेच्या गोळ्यांचं औषध धरलं. शेजारणीच्या बकरीचे चामखीळ त्यांच्या गोळ्यांनंतर गेले होते, एवढं मी पाहिलं होतं.

बाई पालथ्या बादलीवर वही घेऊन बसल्या. रविवार होता. दर रविवारी त्यांचं मंडळ जमे: एक म्हातारे सर, एक कोंबड्यांचे डॉक्टर, आणखी तिघंचौघं. त्यांना बाईंनी फोनवर घेतलं आणि फोन खुंटीला टांगला. सगळ्यांचं बोलणं तबेल्यात ऐकू यायचं.

"डावीकडे लोळते की उजवीकडे?" सरांनी विचारलं.

"जागा मिळेल तिकडे," मी म्हटलं.

"स्वभाव कसा?"

"माझ्यापेक्षा बरा."

"आजाराआधी तिचा कुणी अपमान केला होता का? नीट आठवून सांगा, रागातून उठलेली कळ वेगळी असते."

"हे रोज शिव्या देतात तिला," बायको म्हणाली. "पण मलाही देतात. माझं कुठं पोट दुखलं?"

फोनमध्ये सगळे हसले. बाईही हसल्या. मग वाद लागला. कोंबडीवाले डॉक्टर म्हणत नक्स द्या, सर म्हणत कोलोसिंथ. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. चिमणी मान वळवून आपल्या पोटाकडे बघे आणि पुढच्या खुरानं जमीन उकरी. तिथं वीतभर खड्डा पडला होता.

शेवटी सरांचं औषध ठरलं. बाईंनी मोहरीएवढ्या गोळ्या बाटलीच्या झाकणात घेतल्या, हात न लावता घोडीच्या ओठाच्या आत सोडल्या. बायको पोटाला कापराचं तेल चोळत होती, ते थांबवायला लावलं. त्या वासानं औषध मरतं, म्हणाल्या.

अर्ध्या तासानं चिमणी जास्तच लोळू लागली. भिंतीवर डोकं आपटलं, भुवईवर रक्त आलं.

"अहो, वाढतंय की!" बायको ओरडली.

"वाढलं म्हणजे लागू पडलं," फोनमधून सर म्हणाले. "आता दुसरं काही देऊ नका. वाट बघा."

वाट बघण्याखेरीज आमच्या हाती होतं तरी काय? दुपारी तीनच्या सुमारास घोडी आपण होऊन उठली. अंग झटकलं नाही, उकरलं नाही, पोटाकडे पाहिलं नाही. चारी पायांवर नुसती उभी राहिली.

बायकोनं बाईंचे पाय धरले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, शांत झाली!" एवढंच त्यांना बोलता आलं. पलीकडे टाळ्या वाजल्या.

अर्ध्या तासानं मी घोडीच्या कानाला हात लावला. कान गार होता. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. घामही गार. माझ्या वडिलांच्या तबेल्यात हे मी दोनदा पाहिलंय. पीळ पडलेलं आतडं फुटलं की कळ थांबते. जनावर शांत उभं राहतं, तासभर, फार तर दोन. मग संपतं.

"मालकांना द्या फोन," सर म्हणाले. "त्यांच्या तोंडून ऐकू द्या सगळ्यांना. बोला बाबा, कशी आहे?"

"शांत उभी आहे," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पलीकडे पुन्हा आनंद झाला. ही केस मंडळाच्या अंकात छापू, वेळ आणि मात्रा नीट लिहून ठेवा, असं कुणीतरी सांगत होतं. बाई वहीत लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. त्या उठल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी घोडीचा कान हातात घेतला, आणि तसाच धरून ठेवला. शिकलेल्या होत्या त्या. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती वेळ झाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाऊण तास."

"इंजेक्शनवाल्यांना बोलावते. निदान शेवट तरी..."

"त्यांना यायलाच दोन तास लागतात, बाई."

त्यांनी वही मिटली. फोन बंद करायचं सुचलं नाही. सर कुणाला तरी समजावत होते की घाई न करणं हीच या विद्येची कसोटी आहे.

बायकोनं तोवर कोवळं गवत आणलं होतं. चिमणीनं ते हुंगलंही नाही. "असू दे, दमली असेल," बायको तिला म्हणाली आणि बोटांनी आयाळ विंचरायला लागली. "महिनाभर गाडीला जुंपायचं नाही हं. ह्यांनी नाव जरी काढलं ना, तर मी आहे आणि हे आहेत."

तिला सांगायला हवं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. कुणी सांगायचं ते ठरेना. मी "अगं" म्हणून तोंड उघडलं आणि घोडीचे पुढचे गुडघे वाकले.