गुडघ्याजवळचा ठिपका

मी ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यातला कॅमेरा बोलतोय. लग्नातला नव्हे, माझ्यासमोर आजवर कुणी हसलेलं नाही.

जन्म कारखान्यातला, बालपण खोक्यातलं. इथे आलो तेव्हा फीत कापली, टाळ्या वाजल्या. पुढचे सहा महिने लोकांनी माझ्यावर ॲप्रन टांगले.

माझं काम एवढंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोग्याला शिरेतून एक औषध देतात. ते हाडातल्या गाठीत साचून राहतं. गाठ काढून झाली की थिएटरमधले दिवे घालवतात. मागे काही उरलं असेल, तर ते मी पडद्यावर चमकताना दाखवतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. नुसती सुजलेली जागाही मला तशीच चमकताना दिसते, हा माझा दोष. म्हणून मोठे डॉक्टर मला काजवा म्हणत.

"घालवा दिवे, काजव्याचा मान ठेवू," असं म्हणायचे आणि पडद्याकडे धड न बघताच, "लावा!"

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. उजव्या नडगीत, गुडघ्याला लागूनच गाठ. टेबलावर पडल्या पडल्या तिचं लक्ष सफाईवाल्या मावशींच्या उसवलेल्या बाहीकडे.

"मावशी, कुणी शिवलं हो हे? रागात शिवलंय."

"तू बरी झालीस की तूच शिवून दे."

"देईन की. मशीन पायाचं आहे, म्हणून तर गुडघा हवाय." मग ती डॉक्टरांकडे वळली. "पण डॉक्टर, माझं मन राखायला म्हणून ठेवू नका हं. घरी दोन पोरी आहेत."

तीन तासांनी गाठ निघाली. गुडघा वाचला होता. सगळ्यांच्या पाठी भरून आल्या होत्या.

"घालवा दिवे."

सांध्याच्या कडेला मला कणीएवढा ठिपका दिसला. मी तो दाखवला. वाईट वाटलं नाही. ती सोय माझ्यात बसवलेली नाही.

"सूज असेल," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या.

डॉक्टर पडद्यापुढे येऊन उभे राहिले. 'लावा' म्हणायचं विसरले. सगळे तसेच अंधारात.

"तेवढी कणी तपासायला पाठवा," ते शेवटी म्हणाले.

अर्ध्या तासाने खालच्या प्रयोगशाळेतून फोन आला. गाठच होती.

गुडघा काढून धातूचा बसवला. डॉक्टर त्यानंतर मला काजवा म्हणाले नाहीत.

पुढचं मावशींकडून कळलं. वर्ष झालं, गाठ परत आलेली नाही. बाई चालते, पण तो पाय मशीनवर चालत नाही. डाव्या पायाने शिवायला शिकतेय. मावशींनी तिच्याकडून माझ्यासाठी खोळ शिवून आणली. माप दिलं; कुणासाठी ते सांगितलं नाही.

"शिवण जरा वाकडी गेलीय म्हणाली," खोळ चढवताना मावशी पुटपुटल्या. "पैसे घेईना."

आता नवा कॅमेरा आलाय, मी कोपऱ्यात असतो. ती वाकडी शिवण बरोबर माझ्या काचेसमोर येते. दुसरं बघायला काही नाही.

नव्याचंही कौतुक करा, टाळ्या वाजवा, ॲप्रन टांगा. फक्त त्याने ठिपका दाखवला, तर दिवे लावायची घाई करू नका.