गवताच्या रंगाचा सूट

"पोट आत घेऊ नका, जावईबापू. शत्रूला जेवढं दिसायचं तेवढं दिसणारच आहे."

जावई दोन्ही हात पसरून खोलीच्या मधोमध उभा होता. सासूबाईंनी, म्हणजे मावशींनी, त्याच्या कमरेभोवती फीत फिरवली, आकडा पाहिला, भुवई वर केली आणि कागदावर लिहून घेतला. मुलगी दाराला टेकून उभी होती. ती हसली नाही. आईच्या विनोदाला ती कधीच हसत नसे, आणि नवऱ्याच्याही नाही. मावशींच्या मते हा तिचा जन्मजात मुळमुळीतपणा होता, बापावर गेलेला.

"चेष्टा नको, आई," जावई म्हणाला. "रविवारी मोठे साहेब स्वतः येणारेत बघायला. आमचा विक्री विभाग विरुद्ध गोदाम. गेल्या वर्षी गोदामवाल्यांनी आम्हाला रंगवून काढलं होतं."

खेळ असा होता. गावाबाहेरच्या माळावर एका कंपनीची वीस-बावीस बाप्ये माणसं बंदुका घेऊन पालथी पडत. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या सुटत. गोळी फुटून अंगावर डाग पडला की माणूस बाद. ज्या बाजूचा शेवटचा माणूस कोरा राहील ती बाजू जिंकली. जावई तिथे स्वतःला कॅप्टन म्हणवून घेई. आता त्याला दडून बसायला एक सूट हवा होता, गवतात मिसळून जाणारा. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. हिरव्यागार झाडीत एक हिरवागार ढीग होता, आणि त्या ढिगाला दोन डोळे होते.

"होईल ना? तसं त्यात काय आहे म्हणा, चिंध्याच तर बांधायच्यात."

मावशींनी फीत करकचून गुंडाळली. ताडपत्रीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं ट्रकची आच्छादनं, तंबू आणि खेळाच्या जाळ्या शिवल्या होत्या. तिथे त्यांना सगळे दाभणमावशी म्हणत. ते हातातल्या दाभणामुळे की जिभेमुळे, याचा खुलासा त्यांच्यासमोर कुणी कधी केला नाही. चिंध्या म्हणे. या माणसाला सदऱ्याचं बटण लावायला बायको लागते.

पण काम हातात घेतलं की ते अर्धवट करणं मावशींच्या रक्तात नव्हतं. शनिवारी सकाळी त्या बस पकडून थेट माळावर गेल्या. फाटकावरच्या राखणदाराने त्यांना गवतात वाकून काहीतरी शोधताना पाहिलं.

"काय हरवलंय, मावशी?"

"जावयाची अक्कल. तुम्हाला सापडली तर ठेवून द्या."

पाऊस संपून तीन महिने झाले होते. माळावर हिरवं असं काही नव्हतंच. गुडघाभर गवत वाळून पिवळं पडलेलं, बुडाशी तपकिरी, मध्ये मध्ये राखाडी काटक्या. मावशींनी मूठभर गवत उपटून पिशवीत टाकलं. त्यातली कुसळं घरी पोचेपर्यंत त्यांच्या बाहीत रुतून बसली होती.

मग दिवसभर त्या उठल्या नाहीत. कारखान्यात टाकून दिलेली व्हॉलीबॉलची जाळी त्यांनी एका जुन्या पायघोळ डगल्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर टाचली. सरपटताना कोपर-गुडघे सोलू नयेत म्हणून पुढून जाड कापडाची ठिगळं दुहेरी शिलाईने बसवली. गोण्या उसवून त्यांचे दोरे सुटे केले. काही दोरे चहाच्या पाण्यात उकळले, काही राखेच्या पाण्यात बुडवले, काही तसेच ठेवले. मग उपटून आणलेलं गवत समोर ठेवून, एकेका भोकाला एकेक झुपका बांधत गेल्या. सगळे सारखे नाहीत; कुठे दाट, कुठे विरळ, गवत असतं तसे. सूट पुरा झाल्यावर अंगणात गवताच्या कडेला टाकून त्या दहा पावलं मागे गेल्या, आणि कुठे टाकला ते त्यांनाच क्षणभर कळेना.

संध्याकाळी जावई आला. त्याने सूट दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय? मी हिरवा सांगितला होता."

"तिथलं गवत पिवळं आहे."

"आई, मी चित्र दाखवलं होतं तुम्हाला. हे घालून मी साहेबांसमोर जाऊ? बुजगावणं वाटेन मी." तो बायकोकडे वळला. "तुला सांगितलं होतं ना नीट समजावून सांग म्हणून? एक काम धड होत नाही तुझ्याकडून."

मुलगी दाराच्या मागे सरकली. "तोंड आहे की नाही तुला?" हे मावशी म्हणाल्या, आणि तेही मुलीलाच.

जावयाने दुकानातून प्लास्टिकच्या पानांचा तयार सूट आणला. पोपटी रंगाचा. मावशींचा सूट मुलीने घडी करून पिशवीत ठेवला.

रविवारी दुपारी सगळ्यांच्या घरची मंडळी माळाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली जमली होती. मोठे साहेब खुर्चीत बसले होते. खेळ सुरू होण्याआधीच विक्री विभागाच्या एकाचा पाय मुरगळला. एक गडी कमी पडला.

"मी येऊ का?" मुलगी म्हणाली.

छपराखालचे सगळे वळून पाहू लागले. जावई हसला. "तू? तू काय करणार, झोप काढणार?"

"येऊ द्या हो," साहेब म्हणाले, तेव्हा त्याचा इलाज चालेना.

मुलीने पिशवीतून सूट काढला. तो जावयाच्या मापाचा होता, तिच्या अंगावर लोंबत होता. मावशींनी दोरीचा तुकडा शोधून तिच्या कमरेला आवळला. "पहिल्या पाच मिनिटांत परत येऊ नकोस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. त्यांना ही थट्टा वाटली.

शिट्टी वाजली. जावई मोठ्या आवेशात सरपटत निघाला, आणि पिवळ्या माळावर तो पोपटी ठिपका फाटकापासूनही दिसत होता. नवव्या मिनिटाला त्याला एकदम चार गोळ्या लागल्या. त्यातली एक मागे, बसायच्या जागी. मावशींना इतका आनंद पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

तासाभरात विक्री विभागाचे सगळे बाद झाले, एक सोडून. गोदामाचे तिघे उरले होते. ते गवत तुडवत, एकमेकांना हाका मारत तिला शोधू लागले. मावशी छपराखालून डोळे बारीक करून पाहत होत्या. आपणच बांधलेला एकेक झुपका त्यांना ओळखू यायला हवा होता. पण नुसतं गवत दिसत होतं. एकदा एकजण थांबला आणि इकडेतिकडे पाहून पुढे गेला. तो पाठमोरा होताच गवतातून फट् आवाज आला. त्याच्या पाठीवर निळा डाग.

दुसरा पाऊण तासाने, पाणी प्यायला टेकला तेव्हा. तिसरा म्हणजे गोदामाचा मुख्य. तो ऊन खाऊन इतका वैतागला की दगडावर बसून शिव्या घालू लागला. त्याच्या मागे चार हातांवर माळ हलला आणि उभा राहिला.

टाळ्या वाजल्या. साहेब स्वतः उठून पुढे आले.

"कमाल आहे! अडीच तास! एवढा वेळ न हलता राहिलात कशा?"

मुलीने डोळ्यांवरचा खेळाचा जाड चष्मा काढला. "घरी सवय आहे," ती म्हणाली.

सगळे खो खो हसले. जावई सर्वांत मोठ्याने हसला आणि म्हणाला, "बघा, ट्रेनिंग कुणाचं आहे!" मावशी हसल्या नाहीत. मुलगी विनोद करत नसते, हे तिथे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

साहेबांना गाडीतून सोडायचं असल्यामुळे जावयाने दोघींना बसने जायला सांगितलं. बसथांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. मुलीने सूट काढून मांडीवर घेतला.

"मारतो?" मावशींनी विचारलं.

"नाही. हात कधी लावत नाहीत. बोलतात." ती रस्त्याकडे पाहत होती. "कुलपात किल्ली फिरली की मला आवाजावरून कळतं, आज कसे आलेत. मग मी मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमागे जाऊन बसते. हललं नाही की विसरतात माणसं. तासभर, दोन तास."

"आणि मला आज सांगतेस? सात वर्षांनी? त्या दीडशहाण्याला मी..."

"मी खोली घेतलीय, आई. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्याबरोबर असते ना, तिच्या शेजारची. एक तारखेला जाणार."

"खोली कशाला? घर आहे ना तुझं. आजच चल. बघू तो काय करतो ते."

मुलीने मान हलवली.

"का? आईच्या घरी यायला लाज वाटते?"

"तसं नाही." ती रागावली असती तर मावशींना सोपं गेलं असतं. पण तिचा आवाज अगदी साधा होता. "ती सवय मला तिकडे जाऊन नाही लागली, आई. मी घेऊनच गेले होते. बाबा असायचे कपाटाच्या मागच्या खुर्चीत आणि मी पलंगाखाली. तू बोलायला लागलीस की."

मावशींनी तोंड उघडलं. कुणी काही म्हटलं की दुसऱ्या श्वासाला त्यांचं उत्तर तयार असे; कारखान्यात त्यावर पैजा लागत. बस दूर वळणावर दिसली, जवळ आली, थांबली. दोघी चढल्या. उत्तर आलं नव्हतं.

खिडकीपाशी मुलगी बसली. तिचे केस विस्कटले होते आणि मानेपर्यंत कुसळं रुतली होती. मावशींनी हात पुढे केला, तशी मुलीची मान आपोआप आखडली. त्यांचा हात तिथेच थांबला. बराच वेळ तो हवेत तसाच राहिला, बसच्या धक्क्यांबरोबर हलत. मग मुलीने खिडकीवर डोकं टेकून डोळे मिटले.

मावशींनी एक कुसळ काढलं. मग दुसरं. ओढ बसू नये म्हणून प्रत्येक वेळी त्या बोटांनी केसाचं मूळ धरून ठेवत होत्या. काढलेली कुसळं खाली न टाकता त्या आपल्या तळहातावर ठेवत गेल्या, आणि एक शब्द बोलल्या नाहीत.