गीतामावशीची शिफारस

उन्हाळ्यात जिनिव्हाच्या मानवी हक्क संस्थेत काम करायचं, तर शिफारस हवी होती. कॉलेजातले सर म्हणाले, "अर्जातून आईच्या तुरुंगवासाचं काढ, मग सही करतो. दंगलखोर वाटशील."

आईला जाऊन महिनाच झाला होता. मी अर्ज उचलला आणि मुकुंदवाडीला गीतामावशीकडे गेले. नामांतराच्या सत्याग्रहात ती आईसोबत तुरुंगात होती. पुढं दोघी एकाच कारखान्यात लागल्या.

"मावशी, शिफारस तू दे."

"येडी का तू? मला सहीपुरतंच येतं."

"तू सांग, मी इंग्रजीत लिहिते."

"मग लिही. दहा वर्षांची पोर जेलच्या दारात जेलरशी भांडली. आईचं औषध आत पोचल्याबिगर हटली नाय. लई तोंडाळ हाय."

"तोंडाळ पण लिहू?"

"व्हय! तेच कामाचं हाय."

मावशीनं सही केली. आईच्या तुरुंगवासासकट मी अर्ज पाठवला.