छावणीच्या शाळेतला पियानो

पलटण हिंगोलीतून उठून तीस-एक वर्षं होऊन गेली होती, तरी तो भाग छावणीच राहिला. तिथल्या साहेब लोकांच्या लांबट बंगल्यात आता मुलींची मराठी शाळा भरायची. शेवटच्या खोलीत एक पियानो होता. पलटण गेली तेव्हा त्याचा एक कोपरा मोडलेला, म्हणून तो कुणी नेला नाही. खाली विटा लावून उभा केलेला. वरच्या काही पट्ट्या मुक्या होत्या, आणि पावसाळ्यात सगळाच आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा.

निजामाचं राज्य, म्हणून शुक्रवारी शाळेला सुटी. त्या दुपारी तिथं तिघं जण जमायचे. गंगूताई शाळेच्या मुख्य बाई, वय चाळिशीला टेकलेलं, बालविधवा. रूपसिंग कापसाच्या प्रेसमधला इंजिनवाला. आणि विश्वंभर, स्टेशनवरचा मालबाबू, पुसेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. दार सताड उघडं असायचं आणि उंबऱ्यात शाळेची शकुबाई डाळ निवडत बसायची. तिला तिथं बाईंनीच बसवलं होतं. विधवा बाई आणि दोन परके पुरुष. गावाला काय बोलायचं ते बोलू दे, पण साक्षीदार असावा, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीला तिघं फक्त वाजवायचे. एकानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. बोलणं पुढं सुरू झालं, ते रूपसिंगमुळं.

"माजा बाप पलटणीच्या बँडात होता," एकदा तो म्हणाला. "बँडमास्तर गोव्याचा. सांजच्याला साहेब लोक यायच्या आधी तो हितं येऊन बसायचा. मी लेकरू होतो. ह्याच्या खाली बसायचो, ह्या लाकडाला पाठ लावून. कानानं न्हाई बाई, पाठीनं ऐकलं मी पहिले. पलटण गेली, बाप गेला, मास्तर गेला. हे राहिलं. बंगला बंद होता तवा मी खिडकीतून आत यायचो. उंदीर अन् मी."

रूपसिंग फक्त कवायतीच्या चाली वाजवायचा. डावा हात असा आपटायचा की विटा हलायच्या.

विश्वंभरची गोष्ट वेगळी होती. सोळाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि सिकंदराबादेत एका सिनेमाच्या थेटरात झाडू मारायला लागला. मुके सिनेमे होते. पडद्याखाली एक म्हातारी मडम पियानो वाजवायची. घोडे पळाले की घोड्यांचं, कुणी मेलं की मेल्याचं.

"ती प्यायची," विश्वंभर म्हणाला. "एक दिवस पट्ट्यांवरच डोकं टेकून झोपली. मालकानं मला ढकललं, म्हणाला, बस. मी वरीसभर तिचे हात पाहिले होते. तसेच चालवले. मग तीच म्हणायला लागली, आज तू बस. लढाई मला चांगली यायची. रडणं यायचं न्हाई, ते तीच वाजवायची. मग बोलता सिनेमा आला. पियानो विकला, मडमेला काढलं, मलाबी काढलं."

"आता येतं का रडणं?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. अजूनबी न्हाई."

बाई हसल्या. आपलं सांगताना मात्र त्या बराच वेळ पट्ट्यांकडं बघत राहिल्या. "मी अकरा वर्षांची असताना विधवा झाले. वडिलांनी जालन्याला मिशनच्या शाळेत घातलं. नातलगांनी वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. माझा गळा बरा होता, पण गायला लागले की घरातल्या बायका कानावर हात ठेवायच्या. विधवेनं गाऊ नये. शाळेत मॅडमनं पियानोवर बसवलं. घरी कळलं, तर कुणी काही बोलेना. विधवेनं पियानो वाजवावा की नाही, याचा नियमच कुणाला माहीत नव्हता."

त्या दिवशी त्यांनी एक संथ चाल वाजवली. उजव्या हाताच्या करंगळीवर वरचे सूर फिरत राहायचे आणि बाकीची बोटं खाली हळू चालायची. विश्वंभरला वाटलं, हेच ते रडणं, मडम वाजवायची ते. त्यानं मागितलं आणि बाई त्याला शिकवायला लागल्या.

असे दोन पावसाळे गेले. गावात कुणाला याचं कौतुक नव्हतं, पण तिघांचा आठवडा त्या दुपारभोवती फिरायचा. विश्वंभर शुक्रवारची पाळी बदलून घ्यायचा. रूपसिंगनं प्रेसमधून बनातीचे तुकडे आणून आतल्या हातोड्यांना चिकटवले होते.

मग संथ चालीतला वरचा एक सूर गळायला लागला. बाईंना वाटलं पट्टीच बिघडली. शेजारचाही सूर मधूनच गप्प व्हायचा. रूपसिंगनं पुढची फळी काढली, आत हात घातला, तार पाहिली, हातोडी पाहिली. मग आपल्या जाड बोटानं ती पट्टी दाबली. सूर खणखणीत आला.

"चावी बराबर हाय, बाई."

बाईंनी पुन्हा बोट ठेवलं. करंगळी पट्टीवर होती, पण ती दबत नव्हती. बाई तिच्याकडं असं बघत होत्या, जणू ते बोट दुसऱ्याच कुणाचं आहे.

"वय झालं," त्या म्हणाल्या. "सांधे धरले असतील."

थंडीतल्या एका शुक्रवारी शकुबाईनं ओसरीत शेगडीवर चहा ठेवला होता. उकळला तशा बाई बोलत बोलतच उठल्या, पितळी तपेली उजव्या हातानं काठाला धरून उचलली आणि पेल्यांत ओतू लागल्या. फडकं खालीच पडलेलं. विश्वंभरला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग जळल्या कातड्याचा वास आला.

"बाई, तपेली ठेवा खाली," रूपसिंग म्हणाला.

"का?"

"ठेवा म्हणतो ना."

त्यांनी ठेवली. करंगळीच्या बाजूनं तळहाताची कड पांढरी पडून वर आली होती. बाईंनी हात पालथा केला, उलटा केला. चेहऱ्यावर दुखल्याची रेघही नव्हती.

रूपसिंग त्यांच्यापासून थोडा दूर उकिडवा बसला. "कोपराकडं कुठं डाग हाय का?"

बाईंनी पोलक्याची बाही दुसऱ्या हातानं घट्ट धरली. "आहे. गजकर्ण असेल म्हणून मलम लावतेय."

"माज्या आईला असंच झालं. पहिले करंगळी, मग तिच्या बाजूचं बोट. चुलीतला निखारा उचलायची अन् हसायची. म्हणायची, देवी अंगात आली." त्यानं बाईंच्या हाताकडं बोट केलं. "रक्तपिती होती, बाई. महारोग."

शकुबाई पाण्याला गेली होती. ओसरीत तिघांशिवाय कुणी नव्हतं. बाई पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. हात पदराखाली घेत म्हणाल्या, "परीक्षा होऊ द्या. चौथीच्या मुली बसल्यात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चौथीचा वर्ग भरलाय. मी टेबलाशी बसून शिकवीन, कुणाला शिवणार नाही. परीक्षा झाली की माझी मी जाईन. तोवर कुणाला बोलू नका. दोघंही."

"न्हाई बोलत," रूपसिंग म्हणाला. विश्वंभरनं मान हलवली.

विश्वंभर घरी आला तेव्हा त्याची मुलगी मंजुळा अंगणात पाटीवर अक्षरं काढत होती. ती त्याच शाळेत पहिलीत होती. एक अक्षर चुकलं. तिनं जिभेनं पाटी ओली केली आणि तळव्यानं पुसली.

"ही पाटी काल-परवा कुणी हातात घेतली होती?" विश्वंभरनं विचारलं.

"बाईंनी. काल. मला क्ष काढून दिला. चांगला येत न्हाई ना मला."

त्यानं तिच्या हातातून पाटी ओढली आणि विहिरीत टाकली. मुलगी रडायला लागली. पार्वती, त्याची बायको, हात पुसत बाहेर आली. "काहून टाकली? लेकराची पाटी काहून टाकली?"

त्यानं आधी सांगितलं नाही. जेवताना सांगितलं, आणि कुणाला बोलू नको म्हणूनही सांगितलं. मंजुळा दुसऱ्या दिवसापासून घरी राहिली. शेजारणीनं विचारलं, पोरगी घरी काहून? पार्वतीनं ताप आहे म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगितलं. शेजारणीच्याही दोन मुली शाळेत जात होत्या, आणि न सांगणं पार्वतीला पाप वाटलं.

होळीच्या आत शाळा ओस पडली. चौथीच्या मुलींनाही घरच्यांनी पाठवलं नाही. शाळेच्या मंडळाचे किसनराव वकील बाईंच्या दारी आले आणि अंगणातच उभे राहिले.

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. तेच आहे."

"मग आम्ही काय करावं, तुम्हीच सांगा."

"काही करू नका. निजामाबादच्या पलीकडं दवाखाना आहे, तिथं जाते. चौथीची परीक्षा तेवढी घ्या."

किसनरावांनी हो म्हटलं. ती परीक्षा झाली नाही.

बाईंचा जालन्याचा भाऊ सोबत करायला आला नाही. गाडीत असल्या रोग्याला बसू देत नसत. विश्वंभरनं धावपळ करून मालाचा एक रिकामा डबा मिळवला, तो पूर्णा जंक्शनवर दुसऱ्या गाडीला जोडायची सोय केली. सोबत रूपसिंग जाणार होता. बाईंची पेटी फलाटाच्या टोकाला ठेवली होती. हमाल तिला हात लावेना, म्हणून रूपसिंगनंच चढवली.

विश्वंभर डब्यापासून चार हात दूर उभा होता. बाईंनी त्याला जवळ बोलावलं नाही.

"मंजुळा सगळ्यांच्या आधीपासून शाळेत येत नव्हती," त्या म्हणाल्या. "ताप होता का?"

"व्हय, बाई."

"आता बरी आहे?"

"व्हय."

"तिचा क्ष अजून कच्चा आहे. करून घ्या." त्या आत सरकल्या. रूपसिंगनं दार ओढलं.

रूपसिंग परत आला त्याच आठवड्यात शाळेची सफाई निघाली. बाईंची खुर्ची, टेबल, सतरंज्या, पाट्या, सगळं अंगणात आलं. पियानो मात्र तिथंच राहिला. मजूर म्हणाले, त्याच्यावर ती रोज हात फिरवायची, आमी शिवत न्हाई. किसनरावांनी मग या दोघांना बोलावलं. तुम्ही तर शिवलेलेच आहात, तुम्हीच काढा.

"मला द्या," रूपसिंग म्हणाला. "माज्या घरी नेतो."

"तुझ्या गल्लीतली माणसं सकाळी माझ्याकडं येऊन गेली. ती नको म्हणतात. तुलाच राहू द्यायचं की नाही, हेही त्यांचं ठरत नाही."

विश्वंभरनं एका बाजूनं खांदा लावला. थोड्या वेळानं रूपसिंगनं दुसऱ्या बाजूनं लावला. विटांवरून उतरताना पियानो एका अंगावर आपटला आणि आतून सगळे सूर एकदम निघाले. शकुबाई दाराशी उभी होती, ती दचकून मागे सरली. त्यांनी तो अंगणात नेला. रॉकेल वकिलाच्या माणसानं ओतलं.

लाकूड जुनं, कोरडं, लगेच पेटलं. तारा मात्र बराच वेळ टिकल्या. मग एकेक तुटायला लागली. जाड तारा तुटताना आवाज असा यायचा की लांब उभी असलेली माणसंही गप्प झाली. रूपसिंग शेवटपर्यंत थांबला. विश्वंभर मधेच निघून गेला, मालगाडीची वेळ झाली म्हणून.

त्यानंतर दोघं फारसे भेटले नाहीत. प्रेसमधल्या माणसांनी रूपसिंगच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. पुढच्या मोसमाला तो नांदेडच्या एका गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला.

विश्वंभर बाईंना भेटायला गेला तो तीन वर्षांनी. तेही रेल्वेच्या कामानं निजामाबादला जावं लागलं म्हणून. दवाखाना गावापासून लांब, झाडीत होता. बाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. भुवया गेल्या होत्या, नाक बसत चाललं होतं. हात मांडीवर, पदराखाली. त्यांनी त्याला लांबूनच, चालण्यावरून ओळखलं.

"बसा. बाकावर बसा, तो पाहुण्यांचाच आहे." मग म्हणाल्या, "दर आठवड्याला औषधी तेलाची सुई टोचतात. डावा हात अजून निम्मा माझा आहे. पियानो कसा आहे?"

विश्वंभरनं वाटेत ठरवलं होतं, चांगला आहे म्हणायचं. "जाळला, बाई. तुमी गेल्यावर लगेच."

"कुणी?"

"मंडळानं. आमी दोघांनी बाहेर काढला."

बाईंनी मान हलवली, जणू शाळेतल्या एखाद्या मुलीनं हिशेब बरोबर सांगितला. "रूपसिंगजींनीही?"

"त्यांनीबी. न्हाई म्हणत होते. मग लावला हात."

"आणि तुम्ही? कुठं वाजवता का आता?"

"कुठं हाय पियानो?"

"ती चाल पूर्ण बसली होती तुमच्या हातात. शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं." बाईंनी पदराखालून हात बाहेर काढले. दोन्ही हातांची शेवटची बोटं तळव्यात वळून बसली होती. त्यांनी ते बाजेच्या लाकडी कडेवर ठेवले आणि अंगठ्यानं, पहिल्या दोन बोटांनी ते वळण दाखवू लागल्या. "इथं थांबायचं नाही. लोक इथं थांबतात. इथून खाली यायचं, सरळ. लक्षात येतंय?"

"व्हय, बाई."

"करून दाखवा."

बाजेची दुसरी कड मोकळी होती. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. विश्वंभर बाकावर बसून राहिला. त्यानं हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवले आणि तिथं बोटं हलवली, चुकीची.

"बरं," बाई म्हणाल्या. "राहू द्या. गाडीची वेळ झाली असेल."

फाटकाशी पाण्याचं पिंप आणि साबणाची वडी ठेवलेली होती, भेटून जाणाऱ्यांसाठी. त्यानं हात धुतले. मग कोपरापर्यंत धुतले. मग पुन्हा साबण घेतला, नखांत घातला, मनगटं चोळली. बाईंना त्यानं कुठंही स्पर्श केला नव्हता. पाणी झटकत त्यानं वर पाहिलं, तर बाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्याच्याकडंच बघत होत्या.

त्यानं ओले हात धोतराला पुसले, हात जोडले आणि निघाला. पुन्हा तो तिकडं गेला नाही.