एका दाराला चार मिनिटं

उस्तादांनी आरी कातड्यात अर्धी खुपसली आणि हात तसाच थांबवला.

"पुन्हा वाच."

सून मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागली. "'पार्सल आणणाऱ्या ताई फार मायाळू. तीन मजले चढून आल्या तरी हसतमुख. पाच तारे.'"

"आणि बुटांबद्दल?"

"बुटांबद्दल..." तिने बोटाने मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. "'पॅकिंग चांगलं.'"

उस्तादांनी आरी पलीकडून ओढून काढली ती अशी, की दोरा करकरला.

चाळीस वर्षं ते वाकड्या पायांचे बूट शिवत होते. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच तिरकी, कुणाची बोटं एकमेकांवर चढून बसलेली. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात यायचं, स्टुलावर टेकायचं, आणि उस्ताद त्याचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्याने चाचपायचे. आता सगळा कारभार सुनेच्या मोबाइलवर. लोक कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचे, फोटो धाडायचे आणि बूट घरबसल्या मागायचे. काम वाढलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण आठ दिवस पाठ मोडून जोड शिवायचा उस्तादांनी, आणि आठ मिनिटं तो हातात धरणाऱ्या बाईने तारे वेचून न्यायचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"पण एक आहे, बाबा," सून म्हणाली. "आधी महिन्याला पाच-सहा जोड परत यायचे. या बाई आल्यापासून सहा महिन्यांत एकही नाही."

"हात बसलाय माझा," उस्ताद म्हणाले. "फोटोवरून बेतायला."

तेवढ्यात बाहेर बॅटरीची तीनचाकी थांबली आणि पार्सलवाली आत आली. चाळिशीची, काटक, कपाळावरचा घाम बाहीने पुसत बोलणारी. सुनेने पुढे केलेला प्रत्येक डबा ती टिपून घ्यायची आणि त्यावरचा पत्ता वाचून काहीतरी विचारायचीच.

"हे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा ना? त्यांचा डावा आखूड की उजवा?"

"डबा बंद केलाय," उस्ताद मान वर न करता म्हणाले. "तुम्हाला त्यांच्या पायांशी काय करायचंय?"

"सहज विचारलं, उस्ताद."

"डावा," सून हळूच म्हणाली.

पार्सलवाली हसली आणि डबे उचलून गेली. सहज म्हणे! उस्तादांनी रापी दगडावर घासायला घेतली. धार होती, तरी घासत राहिले.

पार्सल कुठवर पोचलं ते सुनेच्या मोबाइलवर नकाशात दिसायचं. एक निळा ठिपका गल्ल्यांमधून सरकायचा. उस्तादांना त्या ठिपक्याचा नादच लागला. हातातलं काम ठेवून ते चष्मा लावायचे आणि बघायचे. एका इमारतीपाशी ठिपका बावीस मिनिटं हलला नाही. दुसऱ्या ठिकाणी अठरा. उस्तादांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहायचं: तिला खुर्ची दिली असेल, पाणी आणलं असेल. डबा तिच्यासमोर उघडला असेल. डबा उघडताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिला रोज दिसत होतं. चाळीस वर्षं जो चेहरा बघून उस्तादांच्या पोटात दोन घास जास्त जायचे, तो आता तिच्या वाट्याला गेला होता.

एके दिवशी सून शाळेतून लेकीला आणायला गेली, तेव्हा त्यांनी पार्सल कंपनीच्या पावतीवरचा नंबर फिरवला.

"तुमची बाई घरोघरी बसून राहते," ते म्हणाले. आणि एवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून पुढे म्हणाले, "माझा माल उशिरा पोचतो."

पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात नोंद घेतली.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा आणखी एक जोड रवाना झाला, तेव्हा उस्तादांनी सुनेला कातडं बघून येतो म्हणून सांगितलं आणि तडक ती इमारत गाठली. आपण अगदीच खोटं बोललो नाही, एवढं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तीनचाकी खाली उभी होती. कठड्याला धरून ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार अर्धं उघडं होतं.

पार्सलवाली जमिनीवर बसली होती. आजोबांचा डावा पाय तिच्या मांडीवर होता आणि ती अंगठ्याने टाच चाचपत होती. उस्तादांना कुणीतरी आपल्या स्टुलावरून आपल्यालाच उठवल्यासारखं झालं.

तिने पिशवीतून नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा तुकडा काढला, कात्रीने कापला, कड तासली, बुटात बसवला.

"आता चाला, आजोबा."

आजोबा चार पावलं गेले, चार पावलं आले. "आता नाही टोचत," ते लहान मुलासारखे म्हणाले.

"उस्तादांनीच दिलीय पट्टी. पाय बघितल्याशिवाय चिकटवू नका, असं बजावलंय मला."

उस्तादांनी पट्टी दिली नव्हती, की काही बजावलं नव्हतं. ते जिना उतरले ते चोरासारखे, पावलांचा आवाज न करता. कागदावरच्या पायाला लांबी-रुंदी असते, उंची नसते. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी हात बसलाय म्हणून ते सहा महिने मिरवत होते.

दुकानात येऊन त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. तक्रार मागे घ्यायची सोय नाही, त्या गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं. हवी असल्यास नवी नोंदवता येईल.

शनिवारी पार्सलवाली आली ती डबे न टिपताच उभी राहिली.

"सोमवारपासून मी नाही," ती सुनेला म्हणाली. "या भागात इमारतींखाली कपाटं बसवलीत. पार्सल त्यात टाकायचं, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आकडे जातात, त्यांनी उतरून घ्यायचं. मला गोदामात टाकलंय. एका दाराला चार मिनिटं ठरलेली, मी जास्त लावत होते. कुणीतरी कळवलं."

"मी कळवलं," उस्ताद म्हणाले.

सुनेच्या हातातली चिकटपट्टी अर्धवट ताणलेली राहिली.

"ठाऊक आहे," पार्सलवाली म्हणाली. "नाव नव्हतं, पण 'माझा माल उशिरा पोचतो' असं लिहिलं होतं. या भागात माल पाठवणारे तुम्हीच एकटे." ती पहिल्यांदाच हसली नाही. "उशिरा एकही पोचला नव्हता, उस्ताद."

उस्तादांनी आरी उचलली, ठेवली. "पट्टीचं काम कुठे शिकलात?"

"शिकते कुठली! परत केलेला जोड मलाच वाहून आणायला लागायचा. तीन मजले चढा, ऐका, पुन्हा तोच डबा घेऊन उतरा. म्हटलं, बघू तरी कुठे टोचतंय ते." तिने डबे उचलले आणि दारातून मागे न बघता गेली.

सोमवारी सून पाच डबे बांधून बसली होती.

"बाबा, ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांचे बूट जिन्याखाली ठेवायचे?"

उस्तादांनी नमदा, कात्री, डिंक पिशवीत भरला आणि डबे काखेत मारून निघाले.

पहिलंच दार उघडायला पाच मिनिटं लागली. काठी टेकत एक म्हातारी आली. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं.

"ताई नाही आल्या?"

अजूनही काळजात कळ आलीच. "आज मी आलोय. बसा, पाय द्या."

गुडघे कुरकुरले, पण ते खाली बसले. पाय मांडीवर घेतला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच एक खरा पाय: गरम, जड, टाचेपाशी घट्टा असलेला. अंगठा आपोआप फिरू लागला.

"ऐकायला कमी येतं मला, मोठ्याने बोला हं," म्हातारी म्हणाली. "आणि तुमच्या त्या उस्तादांना माझा निरोप द्या. मागच्या जोडात त्यांनी पट्टी पाठवली होती, अगदी हवी तिथे. पाय न बघता दुखणं ओळखणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

उस्तादांनी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"पट्टी त्यांची नव्हती," ते बुटाकडे बघत म्हणाले. "ताईंची होती."

"काय म्हणालात?"

उस्तादांनी मान वर केली. म्हातारी कानामागे हात धरून, हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे वाकून बघत होती.

"म्हटलं," त्यांनी आवाज चढवला, "भिंतीपर्यंत चालून दाखवा."