परखीच्या खोबणीतले काळे बी

मित्रांनो, पोत्याचे तोंड न उघडता आतले धान्य कसे आहे ते दाखवणे, हे माझे काम. मी एक जुनी परखी आहे. हातभर लांब, लोखंडी, पुढे टोकदार आणि एका अंगाने उघडी अशी पोकळ सळई. मला पोत्यात खुपसले की मूठभर दाणे माझ्या खोबणीतून घरंगळत बाहेर येतात. वरच्या थरात चांगला माल आणि मध्ये किडका, असली लबाडी माझ्यापुढे टिकत नाही. मला ओढून काढल्यावर तागाचे धागे पुन्हा जवळ सरकतात आणि भोक बुजते.

कर्जतच्या एका लोहाराने मला घडवले. खोपोलीच्या शिळफाट्यावर मोहियुद्दीनचे धान्याचे दुकान होते, तिथे मी आले. आजूबाजूच्या गावांतला तांदूळ त्या दुकानात यायचा. मोहियुद्दीन प्रत्येक पोत्यात मला घाली, दाणे तळहातावर पसरून गिऱ्हाइकाला दाखवी आणि मग फडक्याने मला पुसून खिळ्याला अडकवी. माझ्याकडे बोट दाखवून लोक म्हणत, मोयुद्दीनशेठ एक वेळ चुकंल, पण ही चुकायची नाय. ते ऐकून मला फार बरे वाटे. आताच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते.

मग दुष्काळ आला. रेशनवर तांदूळ मिळेनासा झाला आणि परदेशातून बोटीने मिलो येऊ लागला. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. भात खाणाऱ्या आमच्या लोकांना ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण पोटाला दुसरे काय होते? मोहियुद्दीनच्या दुकानात रेशनचे धान्य मिळे, म्हणून मिलोची पोती तिथेच येत. ती मुंबई बंदरात भरून, यंत्राने शिवून यायची. सरकारी शिवण, म्हणून त्यांना मला कोणी लावत नसे. मी खिळ्यावर नुसती लोंबत राहायची.

एका सकाळी दुकानासमोर आरडाओरडा झाला. जवळच्या गावचा गजा पुढे होता. तो खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याची म्हातारी आई सोनुबाई आदल्या दिवशी मिलोची भाकरी खाऊन बसली होती. थोड्याच वेळात तिच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि ती रिकाम्या जमिनीवरून नसलेले दाणे वेचू लागली. गजा तिच्यापुढे बसून म्हणाला, आये, मी गजा. ती म्हणाली, गजा शाळंत गेलाय. गावातल्या आणखी काही घरांत तसेच घडले होते. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावून झाला. शेवटी सगळ्यांना दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पोटात धोतरा गेला आहे.

आणि धोतऱ्याचे झुडूप मोहियुद्दीनच्या गोदामामागेच उभे होते. पांढरी फुले, काटेरी बोंडे. ते कोणी लावले नव्हते, उकिरड्यावर उगवते तसे उगवले होते. पण त्या सकाळी ते कोण ऐकणार?

"वजन वाढवायला बी मिसळलंस," गजा म्हणाला. "आमी तुज्या दारात इस्वासानं आलो."

मोहियुद्दीनने आपले दुकान सोडले नाही. त्याची बायको झोहरा आतून त्याला बोलावत होती, तरी तो पायरीवर बसून राहिला. पहिला दगड त्याच्या खांद्याला लागला. तेवढ्यात फौजदार आले म्हणून दुसरा आला नाही. गर्दी मागे हटली, पण पांगली नाही.

मित्रांनो, त्या दिवसांत कर्जतकडे एक वेगळेच काम चालले होते. आपल्या देशातले आणि परदेशातले शास्त्रज्ञ मिळून धान्याचा माग काढत होते. शेतातून निघालेले धान्य ताटात पडेपर्यंत कुठे थांबते, कुठे भिजते, कुठे त्यात काय मिसळते, हे ते तपासत. या कामावरच्या जयाबाई मुंबईच्या होत्या. त्यांच्या जोडीला रूथबाई होत्या. ज्या देशातून मिलो यायचा, त्याच देशातल्या त्या. डॉक्टरांचा निरोप मिळताच दोघी जीप घेऊन शिळफाट्यावर आल्या.

जयाबाईंनी मिलो बघायला मागितला. मोहियुद्दीनने मला खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिले.

मी एका पोत्यात शिरले. तांबडे दाणे आले, स्वच्छ. दुसऱ्या पोत्यात शिरले, तेही स्वच्छ. मोहियुद्दीनचा श्वास मोकळा होऊ लागला. मग कोपऱ्यातल्या, विक्रीसाठी उघडलेल्या पोत्याच्या अगदी पोटात मला खुपसले, आणि माझ्या खोबणीतून तांबड्या दाण्यांबरोबर बारीक, चपटे, काळे बी बाहेर आले.

गर्दीतून एक हुंकार उठला. ज्या परखीवर त्याचा सारा व्यवहार चालला, तिनेच त्याला पकडून दिले, असे सगळ्यांना वाटले. मलाही तसेच वाटले. मोहियुद्दीन माझ्याकडे बघत होता. माझ्या आयुष्यात इतके जड मला कधीच काही वाटले नव्हते.

जयाबाईंनी मात्र बी कागदावर ठेवले आणि गजालाच सांगितले, की मागच्या झुडपाचे वाळलेले बोंड घेऊन ये. गजाने ते आणून स्वतःच्या हाताने फोडले. आतले बी पिवळट तपकिरी होते, मिरचीच्या बियांसारखे. पोत्यातले काळे कुळकुळीत. सगळे वाकून वाकून बघू लागले.

गजा हटला नाही. "या झाडाचं नसंल," तो म्हणाला. "दुसरीकडनं आणलं असंल."

तेव्हा रूथबाई पुढे झाल्या. काळे बी त्यांनी बोटाच्या टोकावर घेतले आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या हळू आवाजात जयाबाईंशी बोलल्या. हे बी त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांच्याकडे मिलोच्या शेतात हे तण माजते आणि कापणीच्या यंत्रात कणसांबरोबर जाते. जयाबाईंनी त्यांना विचारले, की प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आधी हे चारचौघांत सांगावे का. तुमच्या देशात याचा राग येईल, असेही त्या म्हणाल्या. रूथबाईंनी होकारार्थी मान हलवली आणि त्याच खेपेतले न उघडलेले पोते मागितले. यंत्राची शिवण सगळ्यांना दाखवली. मग मला त्यात घातले.

काळे बी त्यातूनही आले.

"बाई सांगतात, हे त्यांच्या शेतातून आलंय," जयाबाई मोठ्याने म्हणाल्या. "दुकानदारानं पोतं उघडलेलंच नाही. बाई तसं लिहून द्यायला तयार आहेत."

आता मोहियुद्दीन सुटला, असे मला वाटले. पण तो त्या शिवणीकडे बघत ताडकन उठला. याच खेपेतले धान्य ठाकुरवाडीच्या पोशा नावाच्या गड्याने त्या दिवशी पहाटेच पाड्यासाठी नेले होते. ठाकुरवाडी म्हणजे घाटातली वस्ती, तिथे ना फोन ना डॉक्टर.

तो निघतो म्हणाला, तर लोकांना वाटले पळतोय. फौजदारही विचारात पडले. शेवटी गजा म्हणाला, "मी जातो याच्यासंगं. सुटू देत नाय."

त्याची आई दवाखान्यात एकटी पडणार होती. झोहरा दाराची कडी काढून बाहेर आली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "तू जा. तुज्या आयेजवळ मी बसतंय." गजाने तिच्याकडे पाहिले नाही, पण नाहीही म्हटले नाही.

जयाबाईंच्या जीपने कर्जतला आणि तिथून घाट चढणाऱ्या गाडीने ते ठाकुरवाडीला उतरले. जयाबाईंकडून मला परत घेऊन मोहियुद्दीनने कमरेला खोचले होते.

पाड्यावर पोशाच्या अंगणात पोते उघडलेले होते. घरोघरी वाटणी झाली होती. सोमी नावाची बाई जात्यावर बसली होती आणि तिच्या जात्याभोवती तांबडे पीठ साचले होते. मोहियुद्दीनने हात जोडून सांगितले, की पीठ टाका, धान्य शिजवू नका, यात विष आहे. पोशाने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"टाकतो," तो म्हणाला. "मंग खायाचं काय?"

मोहियुद्दीन म्हणाला, की घरातला तांदूळ पुढच्या गाडीने पाठवतो, सगळा. पोशाला ते खरे वाटेना. शेटलोकांचे शब्द त्याने पुष्कळ ऐकले होते. सोमीने जाते पुन्हा धरले. तेव्हा गजा पुढे झाला आणि त्याने तिच्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला.

"माज्या आयेनं हेच खाल्लं," तो म्हणाला. "आता ती मला वळखत नाय."

सोमीचा हात थांबला. मग ती एकदम उठली. तिचा नवरा मंगळ्या दुपारी भाकरी खाऊन रेल्वेच्या रुळांकडे गेला होता.

सगळे धावले. बोगद्याच्या तोंडाशी मंगळ्या रुळांच्या मधोमध उभा होता आणि हवेतले काहीतरी दोन्ही हातांनी हुसकावत होता. बोगद्यातून गाडीची घरघर येत होती. मोहियुद्दीनने त्याला कमरेला धरले, पण धोतरा चढलेल्या माणसाच्या अंगात भलतेच बळ येते. मंगळ्याने त्याला झटकून दिले. मी खडीवर आपटले आणि माझे टोक वाकले. गजाने मागून येऊन मंगळ्याचे पाय उचलले, मोहियुद्दीनने खांदे धरले, आणि तिघे रुळांच्या कडेच्या चरात कोसळले. गाडी वरून धडधडत गेली. ती संपेपर्यंत त्या दोघांनी मंगळ्याला आणि एकमेकांना घट्ट धरून ठेवले होते.

त्याच संध्याकाळी मंगळ्याला गाडीने खाली आणले. तो वाचला. पाड्यावरचे सारे पीठ मातीत पुरले. मोहियुद्दीनच्या घरचा तांदूळ पुढच्या गाडीने वर गेला, बियाण्याच्या कणगीतला भातसुद्धा.

पण गजा घाटात असतानाच सोनुबाई गेली. दवाखान्याच्या ओसरीवर झोहरा त्याची वाट बघत बसली होती. गजाने तिला एकच विचारले, की आयेने माझे नाव घेतले का.

"नाय रं," झोहरा म्हणाली. "दाणे वेचत व्हती. मी तिच्या मुठीत माजं बोट दिलं, तवा थांबली."

गजा तिच्यापाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मोहियुद्दीन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या सदऱ्यावर सकाळच्या दगडाचे रक्त वाळलेले होते.

नंतर माझ्या खोबणीतून निघालेले बी दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांत गेले. दोन्हीकडून एकच उत्तर आले. बंदरात त्या बोटीचा उरलेला माल अडवून चाळला गेला. रूथबाईंना त्यांच्या देशातल्या बड्या लोकांची बोलणी खावी लागली, तरी त्यांनी शब्द फिरवला नाही. पुढे कितीतरी वर्षे दोघी बाया हेच काम करत राहिल्या. पोत्यावर त्याच्या शेताची, बोटीची आणि गोदामाची खूण असावी, म्हणजे विष कुठून आले ते माणसे मरायच्या आधी कळेल, असे त्या जिथे जातील तिथे सांगत.

पुढे जयाबाईंनी मला मोहियुद्दीनकडून मागून घेतले. सुरुवातीला त्या मला पाहुण्यांना दाखवत. मग नवी यंत्रे आली, जयाबाई निवृत्त झाल्या, आणि मी कपाटाच्या तळाशी गंजत पडले. माझे वाकडे टोक कोणी सरळ केले नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की आता पिशवी हातात घेताना कोणी तिच्यात डोकावत नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढे ऐका. जे खाता ते कुठून आले, ते विचारत जा. विचारण्यात कोणाचा अपमान नाही. शेतकऱ्याला विचारा, दुकानदाराला विचारा, सातासमुद्रापलीकडे माणूस असेल तर त्यालाही विचारा, कारण खरे सांगणारे तिथेही असतात. आणि उत्तर येईपर्यंत हातातला दगड खाली ठेवा.