पुन्हा त्याच दारात

दार ओळखलं आणि किल्लीवाले काका पायरीवरच थबकले.

पंधरा दिवसांपूर्वी एका माणसाने त्यांना इथेच बोलावलं होतं. "किल्ल्या हरवल्या, काका. बायको माहेरी गेलीय, कुलूपच बदलून टाका." दाराशी बायकी चपला होत्या, लहान मुलीचे सँडल होते. माहेरी अनवाणी गेली का, असं काकांच्या मनात आलं. पण त्यांनी पिशवीतून पेचकस काढला. वीस मिनिटांत त्यांनी काम उरकलं.

आज ती बायको समोर उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताला पाच वर्षांची लेक. गेली होती ती माहेरी नव्हे, इस्पितळात. सोबत कोर्टाकडून आलेल्या अधिकारी बाई आणि एक महिला पोलीस.

"घर नवऱ्याच्या नावावर असेल ना?" काकांनी दबकत विचारलं.

"नाव कुणाचंही असू दे," अधिकारी बाईंनी कागद पुढे धरला. "यांचा संसार इथला. कोर्टाचा हुकूम आहे, या इथेच राहतील. पाऊल टाकायची मनाई आहे ती त्याला."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "ताई, हे कुलूप मीच बसवलंय. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

तिने त्या कुलपाकडे पाहिलं. "तो बोलतोच गोड, काका. तुम्ही वीस मिनिटं फसलात. मी सात वर्षं."

 काकांनी कुलूप उघडलं, काढलं आणि नवं हातात घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "कसं बसवतात ते मला दाखवा."

लेकीने ओंजळीत स्क्रू धरले. आईने डाव्या हाताने पेचकस फिरवला. तो दोनदा सटकला. काकांचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते मागे बांधून घेतले. "घाई नाही, ताई. सावकाश."

शेवटचा स्क्रू बसला. तिन्ही किल्ल्या काकांनी तिच्या हातात मोजून दिल्या. मायलेकी आत गेल्या, नवं कुलूप आतून खट्‌कन लागलं.

"काका, जरा ढकलून बघा!" आतून आवाज आला.

काकांनी खांदा लावला. दार जागचं हललं नाही.

"अजून जोरात!" लेक खिदळत ओरडली.

मग अधिकारी बाईंनीही पर्स पोलीसबाईंकडे दिली आणि काकांच्या शेजारी खांदा लावला.